इमानाची चाचणी

टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत १९०३ साली सुरू झाली. महायुद्धांची वर्षे वगळली तर ती आजतागायत दरवर्षी भरते. तीन आठवडे, साधारण साडेतीन हजार किलोमीटर, वाटेत आल्प्स आणि पिरेनीजचे घाट. या शर्यतीच्या विजेत्यांची यादी वाचत गेले की १९९९ या सालापाशी थबकायला होते. तिथून २००५ पर्यंत सात वर्षांपुढे कोणाचेच नाव नाही. शर्यत तर सातही वर्षी झाली. सातही वर्षी पॅरिसमध्ये पिवळी जर्सी घातलेला एकच माणूस व्यासपीठावर उभा होता आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले होते. तो अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग. २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. ती दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंना द्यायची नाहीत असेही ठरले, कारण त्या सबंध काळावरच संशयाचे सावट होते. जागा रिकामी ठेवलेली बरी, असे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला वाटले.

सायकलशर्यतीतले आम्हाला फारसे कळत नाही. आमच्याकडे सायकल म्हणजे दूधवाल्याची, नाहीतर शाळेत जाणाऱ्या मुलीची. तरीही या सात रिकाम्या ओळींनी आम्हाला बरेच दिवस अस्वस्थ केले. एक माणूस खोटे वागला आणि पकडला गेला, एवढीच ही हकिकत असती तर तिच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. प्रश्न वेगळा आहे. सगळेच करतात म्हणून आपणही केले, तर त्यातला गुन्हा कमी होतो का? आणि सगळे करत असताना जो एकटा करत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो?

आधी औषधाविषयी. आपल्या मूत्रपिंडात एरिथ्रोपोइटिन नावाचे एक संप्रेरक तयार होते. ते हाडांच्या मगजाला तांबड्या रक्तपेशी बनवण्याचा हुकूम देते. मूत्रपिंडे निकामी झाली की हे संप्रेरक कमी पडते आणि रुग्ण पांढराफटक होतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे संप्रेरक कृत्रिमरीत्या तयार होऊन इंजेक्शनच्या रूपात बाजारात आले आणि असंख्य रुग्णांना त्याने उभे केले. ज्यांच्या घरात डायलिसिसवरचा माणूस आहे, त्यांना हे इंजेक्शन माहीत असेल. हेच इंजेक्शन धडधाकट सायकलपटूने घेतले तर त्याच्या रक्तात तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो आणि घाट चढताना इतरांची छाती फुटते तेव्हा त्याची फुटत नाही. रक्त मात्र दाट होते आणि गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. इथे औषधाचा दोष काहीच नाही. रुग्णासाठी जे जीवदान आहे तेच दुसऱ्याच्या हाती फसवणुकीचे साधन होते. फरक नियतीचा आहे.

१९९०च्या दशकात हे ईपीओ सायकलिंगमध्ये सर्रास चालत होते आणि ते शोधून काढणारी चाचणी नव्हती. म्हणून १९९७ साली संघटनेने एक मर्यादा घातली. रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक आढळले तर खेळाडूला काही दिवस शर्यतीबाहेर बसवायचे. हेतू खेळाडूंच्या जिवाची काळजी हा होता. झाले असे की ती मर्यादा म्हणजे परवानगी ठरली. डॉक्टर इंजेक्शनांचा हिशेब असा बसवू लागले की आकडा ४९ वर थांबावा. नियम पाळला गेला आणि इमान गेले. लघवीतून ईपीओ ओळखणारी चाचणी २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकच्या सुमारास आली. त्यानंतर ती चुकवण्याच्या नव्या युक्त्याही आल्या.

आता ज्याचे नाव त्या यादीत कधीच येणार नव्हते अशा एका माणसाविषयी.

जुलै १९९८ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या सरहद्दीवर फेस्तिना या नामांकित संघाची एक गाडी कस्टमवाल्यांनी अडवली. संघाचा मालीशवाला विली वूट ती चालवत होता. गाडीत ईपीओ आणि इतर औषधांचा साठा निघाला. संघ शर्यतीतून हाकलला गेला, खेळाडूंना पोलिसांनी चौकशीला बसवले आणि बहुतेकांनी कबुली दिली. या जबानीत त्याच संघातल्या खेळाडूंनी सांगितले की आमच्यातला एकजण घेत नाही. त्याचे नाव क्रिस्तोफ बासॉन्स. हे प्रशस्तिपत्र कोणा संस्थेने दिलेले नव्हते. जे स्वतः दोषी होते त्यांनीच ते दिले होते, म्हणून त्याचे मोल आम्हाला फार वाटते.

पुढच्या वर्षी, १९९९ साली, टूर 'नव्याने सुरू' होणार असे सगळीकडे बोलले जात होते. बासॉन्स आता दुसऱ्या संघातून उतरला होता आणि पॅरिसच्या एका दैनिकात रोजचे सदर लिहीत होता. त्याने लिहिले की शर्यतीचा वेग पाहून आम्ही थक्क होत आहोत, हे काही ठीक दिसत नाही. त्याने कोणाला चोर म्हटले नव्हते. पण आल्प्समधल्या एका टप्प्यावर, सायकली चालू असतानाच, आर्मस्ट्राँग त्याच्या बाजूला आला. तू बोलतोस ते सायकलिंगच्या भल्याचे नाही, असेच वाटत असेल तर घरी जा, अशा अर्थाचे त्याने सुनावले. बासॉन्स म्हणाला की मी पुढच्या पिढीच्या पोरांचा विचार करून बोलतो आहे. त्यानंतर ताफ्यातल्या खेळाडूंनी त्याच्याशी बोलणे टाकले. स्वतःच्या संघातही त्याला आधार उरला नाही. एके दिवशी सकाळी तो शर्यत सोडून घरी गेला. २००१ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने व्यावसायिक सायकलिंगच सोडले.

गावाने वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको. ज्याने खोटे पचवले त्याच्याशी लोक हसून बोलत होते, आणि जो खोटे बोलत नव्हता त्याच्याकडे पाठ फिरवत होते. औषधाच्या इंजेक्शनापेक्षा ही पाठ फिरवणे आम्हाला जास्त भयंकर वाटते.

२०१३ च्या जानेवारीत आर्मस्ट्राँगने ओप्रा विन्फ्री यांच्या टीव्हीवरील मुलाखतीत कबुली दिली. त्या कबुलीत एक चमत्कारिक गोष्ट होती. तो म्हणाला की फसवणूक या शब्दाचा अर्थ मी शब्दकोशात पाहिला. प्रतिस्पर्ध्याकडे नाही असा फायदा उपटणे, असा तो अर्थ होता, आणि मला तर सगळ्यांचीच बाजू समान दिसत होती. म्हणजे सगळेच घेत होते, तेव्हा मी फसवले कोणाला?

हा युक्तिवाद आपण हसण्यावारी नेऊ नये. तो आपल्याही तोंडात असतो. कर बुडवताना असतो, परीक्षेत कॉपी पुरवताना असतो, वजनकाट्याखाली चुंबक लावणाऱ्या दुकानदाराच्या तोंडीही तोच असतो. म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

पहिली गोष्ट, बाजू समान नव्हती. ज्याचे तांबड्या पेशींचे नैसर्गिक प्रमाण ४० आहे त्याला ४९ पर्यंत जायला नऊ अंकांची वाट मोकळी आहे. ज्याचे मुळातच ४७ आहे त्याला दोनचीच. एकाच औषधाला दोन शरीरे सारखा प्रतिसाद देत नाहीत. शिवाय सर्वांत हुशार डॉक्टर ज्याला परवडतो तो पुढे जातो. इटलीचे डॉक्टर मिकेले फेरारी यांना आर्मस्ट्राँगकडून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम गेल्याचे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने २०१२ च्या अहवालात नमूद केले. यात कोणाची बाजू कोणाशी समान होती?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'सगळे' हा शब्दच खोटा होता. बासॉन्स होता. त्याच्यासारखे आणखी काही असतील, जे वरच्या पातळीपर्यंत पोहोचलेच नाहीत, कारण घेतल्याशिवाय पोहोचता येत नव्हते. जे नाही म्हणाले ते वाटेतच गळाले, आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून आपण म्हणतो की बघा, सगळेच घेतात. ज्यांना हाकलून दिले त्यांची मोजणी न करता केलेली ही गणती आहे.

काही विचारवंत म्हणतात की मग परवानगीच देऊन टाका. उघडपणे घेऊ द्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेऊ द्या, म्हणजे खोटे बोलण्याचे कारण उरणार नाही. औषधांना मुभा असलेली अशी एक स्पर्धा लास वेगासला भरवण्याची योजना २०२५ मध्ये जाहीरही झाली. या मताला आम्ही मूर्खपणा म्हणणार नाही. समुद्रसपाटीपासून उंचावर जाऊन सराव केला तरीही तांबड्या पेशी वाढतात आणि तो सराव नियमात बसतो, हे खरे आहे. सीमारेषा माणसांनीच आखलेली आहे.

पण परवानगी एकाला दिली की ती दुसऱ्याची सक्ती होते. शेजारचा खेळाडू इंजेक्शन घेऊन धावतो, तर मलाही घ्यावे लागेल, नाहीतर घरी बसावे लागेल. त्याच्या स्वातंत्र्याने माझे 'नाही' म्हणण्याचे स्वातंत्र्य संपते. ही सक्ती कुठवर जाते, हे पूर्व जर्मनीने दाखवले. तिथे १९७४ पासून सरकारी योजना म्हणूनच खेळाडूंना पुरुषी संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या गेल्या. कोवळ्या वयाच्या मुलींना त्या जीवनसत्त्वे म्हणून गिळायला लावल्या. देशाला पदके मिळाली, मुलींना आयुष्यभराची दुखणी. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने या योजनेच्या दोन म्होरक्यांना शरीराला इजा पोहोचवण्यात सहभागी असल्याबद्दल दोषी ठरवले. तिथे कोणी कोणाला विचारलेच नव्हते. पैशाच्या बाजारात विचारतात, पण नाही म्हटले तर दार दाखवतात. फरक आहे, तरी वाटतो तितका मोठा नाही.

आर्मस्ट्राँगच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. १९९६ मध्ये त्याला अंडकोषाचा कर्करोग झाला. तो फुप्फुसांपर्यंत आणि मेंदूपर्यंत गेला होता. त्यातून तो वाचला आणि त्याने कर्करोग्यांसाठी संस्था उभारली. त्या संस्थेचे पिवळे रबरी कडे जगभर कोट्यवधी लोकांनी मनगटावर घातले. केमोथेरपीच्या खोलीत बसलेल्या किती माणसांनी त्याच्याकडे पाहून धीर धरला असेल! तो धीर खोटा होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आजार खरा होता, वाचणेही खरे होते, जमवलेला पैसाही रुग्णांच्या कामी आला.

मग चांगल्या कामाने वाईट धुऊन निघते का? आम्हाला वाटते, इथे उलटे झाले. रुग्णांचा विश्वास ही त्याच्याकडे ठेवलेली अमानत होती. त्याने ती ढालीसारखी वापरली. संशय घेणाऱ्याला तो विचारी की मरणाच्या दारातून आलेला माणूस अशी औषधे शरीरात घालील का? प्रश्न ऐकून लोक ओशाळत. याला आपल्या बोलीत अमानतीत खयानत म्हणतात. आणि ज्यांनी तोंड उघडले त्यांची त्याने गय केली नाही. संघात मालीश करणारी एमा ओरायली ही आयरिश बाई जे पाहिले ते एका पत्रकाराला सांगून बसली. तिच्यावर त्याने दावा लावला आणि तिच्या चारित्र्याविषयी घाणेरडे बोलला. पुढे मुलाखतीत हे त्याने मान्य केले. इंजेक्शन त्याने स्वतःच्या दंडात घेतले. खोटे टिकवण्यासाठी मात्र त्याला दुसऱ्यांची अब्रू लागली. आमच्या मते त्याचा मोठा गुन्हा हा आहे. औषधाचा असर काही दिवसांत उतरतो, पण खोट्याला रोज नवा माणूस बळी द्यावा लागतो.

वर्षानुवर्षे त्याचे एकच उत्तर होते की माझ्या इतक्या चाचण्या झाल्या, एकदाही दोषी ठरलो नाही. शेवटी त्याला चाचणीने पकडले नाही. सव्वीस जणांनी शपथेवर साक्ष दिली, त्यांत त्याचे अकरा जुने सहकारी होते. तेही वर्षानुवर्षे त्याच खोट्यात सामील होते हे विसरून चालणार नाही. पण शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा ते खरे बोलले.

चाचणीविषयी एक गंमतीची, पण विचार करायला लावणारी गोष्ट सांगतो. सायकलिंग सोडल्यावर बासॉन्स फ्रान्सच्या क्रीडाखात्यात उत्तेजकविरोधी कामातच नोकरीला लागला. २०१२ साली, आर्मस्ट्राँगचे बिंग फुटले त्याच सुमारास, एका डोंगरी सायकलशर्यतीतून तो दमून मध्येच बाहेर पडला आणि घरी निघाला. शर्यतीनंतर चाचणीसाठी त्याचे नाव निघाले होते. तो हजर नव्हता म्हणून त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली. अपिलात ती एक महिन्यावर आली. जगातल्या सर्वांत स्वच्छ सायकलपटूच्या नावापुढे बंदीची नोंद आहे, आणि सर्वांत मोठ्या फसवणाऱ्याला चाचणी पकडू शकली नाही. याचा अर्थ चाचण्या बंद कराव्यात असा कोणी काढू नये. त्या हव्यातच. पण नियम शरीर तपासतो, नियत तपासणे त्याच्या आवाक्यातले नाही. ते काम माणसाने स्वतःच करायचे असते.

हे सगळे दूर फ्रान्समध्ये घडले म्हणून आपण निर्धास्त राहू नये. २०२३ साली भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांत २१३ सदोष निघाले. म्हणजे ३.८ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. २०१० च्या आशियाई स्पर्धेत रिले शर्यतीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या चौघींपैकी तिघी पुढच्याच वर्षी चाचणीत अडकल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांवर आम्ही विश्वास ठेवला, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या महाराष्ट्रात सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर सापडला. कोणीतरी आपल्या खाण्यात मिसळले, असे तो सांगत राहिला. देशातल्या संस्थेने ते मानले, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मानले नाही आणि त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. त्या दिवसांत चहाच्या टपरीवर सगळे कटाविषयीच बोलत होते. आपल्या शरीरात काय जाते याची राखण खेळाडूनेच करायची, हा नियम इतका कडक का आहे, यावर कोणी बोलत नव्हते. हा नियम नसता तर प्रत्येक दोषी खेळाडू दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटला असता. पण याच नियमाने एखादी भोळी मुलगीही भरडली जाऊ शकते, हेही तितकेच खरे.

इथे एक फरक केला पाहिजे. करोडो डॉलरचा धनी आणि पत्र्याच्या घरातून आलेला मुलगा यांना एकाच तराजूत घालणे बरोबर नाही. पदक म्हणजे रेल्वेत नोकरी, पोलिसात नोकरी, बहिणीचे लग्न, बापाचे कर्ज. त्या मुलाला गोळी देणारा माणूस बहुधा त्याच्या विश्वासातला असतो. त्याच्या हातून चूक झाली तर रागाआधी आम्हाला दुःख होते. मोहाचे कारण समजले म्हणून मोह योग्य ठरत नाही, तरी शिक्षा सुनावताना ते कारण समजलेले असावे.

आणि ही गोष्ट आता मैदानापुरती राहिलेली नाही. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब पडू नये म्हणून वापरायचे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन पुण्यात आणि इतर शहरांत जिममधल्या पोरांना चोरून विकणारे पकडले गेले आहेत. पोलीस भरतीच्या मैदानावर इंजेक्शन घेऊन धावल्याच्या बातम्या आल्या आहेत. उद्या कायदा राखायला उभा राहणारा मुलगा पहिले पाऊलच कायदा चुकवून टाकतो आणि घरचे त्याच्या वर्दीचे पेढे वाटतात.

आमच्या लहानपणी गावच्या तालमीत वस्ताद होते. जत्रेच्या फडात पोरगा चीत झाला तर ते त्याच्या पाठीवरची माती स्वतः झाडत. पण दोन मल्लांनी आधीच ठरवून कुस्ती केली, तिला नुरा कुस्ती म्हणतात, असे लक्षात आले की त्यांचा चेहरा बदलत असे. हरलेला उद्या पुन्हा येतो, नुरा खेळलेल्याला माती ओळखत नाही, असे ते म्हणत. शाळा फारशी न शिकलेल्या त्या माणसाला शब्दकोश पाहावा लागला नव्हता.

तेव्हा शेवटी प्रश्न आपल्यापाशी येतो. वस्तीतल्या पोराने पदक आणले की आपण चौकात फ्लेक्स लावतो. अल्पसंख्य समाजाला आपल्या माणसाच्या यशाची भूक जरा जास्तच असते, हे आम्ही कबूल करतो. त्याच्या चुकीवर पांघरूण घालण्याचा मोहही तितकाच असतो. पण चौथ्या क्रमांकावर प्रामाणिकपणे आलेल्या पोराच्या घरी आपण कधी गेलो आहोत का? वशिला, गोळी, देवाणघेवाण नाकारून जो मागे राहिला, त्याला आपण शहाणा म्हटले की बावळट? बासॉन्सला आर्मस्ट्राँग एकटा घरी पाठवू शकला नसता. न बोलणाऱ्या दीडशे जणांनी त्याला पाठवले, आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या लाखोंनी.

खरे बोलणाऱ्याला शेवटी न्याय मिळतोच, अशी सांत्वनाची गोष्ट आम्ही सांगणार नाही. बासॉन्सची गेलेली वर्षे परत आली नाहीत. औषध नसते तर तो टूर जिंकला असता असेही नाही. कदाचित तो कुठेतरी मधल्या क्रमांकावर आला असता. तो मधला क्रमांक त्याच्या हक्काचा होता आणि तोही त्याला मिळू दिला गेला नाही. त्या सात रिकाम्या ओळींकडे पाहताना आर्मस्ट्राँगची आठवण सगळ्यांनाच येते. आम्हाला तिथे त्या मधल्या क्रमांकाची आठवण येते.